जालन्याहून नागपूर : विमानतळ ते विमानतळ नव्हे, घर ते दीक्षाभूमी मोजूया



धम्मचक्र प्रवर्तन दिन जवळ आला की जिल्ह्यातील तरुण आम्हाला हमखास विचारतात, "नागपूरला विमानाने गेलो तर किती वेळ वाचेल?" त्याचा हा साधा हिशेब.

जालन्याला सर्वात जवळचा प्रवासी विमानतळ छत्रपती संभाजीनगरचा, म्हणजे चिकलठाण्याचा. तिथून नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ हवाई मार्गाने साधारण ४०० किलोमीटर आहे. थेट विमान असेल तर हे अंतर सव्वा तासाच्या आत कापता येते. एवढेच ऐकले की विमानच सोयीचे वाटते.

पण नागपूर आपल्या पूर्वेला आणि चिकलठाणा पश्चिमेला. म्हणजे जालनेकर आधी ५५ किलोमीटर उलट दिशेला जाणार आणि मग विमानाने आपल्याच जिल्ह्याच्या बाजूने पुढे जाणार. परतूर-मंठ्याच्या माणसाला तर विमानतळ गाठायलाच शंभरेक किलोमीटर पडतात.

आता वेळ जोडू. जालना ते चिकलठाणा सव्वा तास. विमानतळावर दोन तास आधी पोहोचायचे. उड्डाण सव्वा तास. उतरून, सामान घेऊन सहा-सात किलोमीटरवरील दीक्षाभूमी गाठायला पाऊण तास; गर्दीच्या दिवशी त्याहून जास्त. एकूण सव्वापाच तास.

हे थेट विमान मिळाले तर. नसेल तर मुंबईमार्गे जावे लागते. आधी २८० किलोमीटर मुंबई, मग तिथून ६८० किलोमीटर नागपूर. ४०० ऐवजी ९६० किलोमीटर! मुंबईतील थांबा धरला तर जवळजवळ अख्खा दिवस जातो.

दुसरीकडे समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि जालना त्यावर आले. रस्त्याने नागपूर साधारण ४०० किलोमीटर. ताशी ९० ची सरासरी धरली तरी साडेचार तास. विश्रांती आणि शहरातील गर्दी मिळून साडेपाच-सहा तास. बसला तास-दीड तास जास्त. म्हणजे थेट विमानाने कारपेक्षा फार तर अर्धा-पाऊण तास वाचतो, आणि तिकीट मात्र माणशी लागते. बसचे भाडे सगळ्यांत वाटले जाते.

दोन गोष्टी मात्र पक्क्या लक्षात ठेवा. समृद्धीवर दुचाकी आणि रिक्षाला बंदी आहे, त्यामुळे मोटारसायकल रॅलीचा बेत या मार्गाने आखू नका. आणि सरळ रस्त्यावर चालकाला डुलकी लागते, टायर तापून फुटतात. १ जुलै २०२३ च्या पहाटे सिंदखेडराजाजवळ बस पेटून २५ प्रवासी गेले. म्हणून रात्रीच्या प्रवासाला दोन चालक ठेवा, निघण्यापूर्वी टायर तपासा, दर दोन तासांनी थांबा.

विमान कुणासाठी? थेट फेरी असेल तर आजारी किंवा वयोवृद्ध उपासक-उपासिकांसाठी जरूर विचार करावा. बाकीच्यांनी गावोगावच्या विहारांत आतापासून नावे नोंदवून बस ठरवाव्यात. बाबासाहेबांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी लाखो अनुयायांना धम्मदीक्षा दिली, तेव्हा लोक मिळेल त्या वाहनाने आणि पायीही आले होते. आपल्या वस्तीतील ज्या आजीने अजून दीक्षाभूमी पाहिलेली नाही, तिची एक जागा त्या बसमध्ये आधी राखूया.