बंद खोलीत कायदा पोचतो का?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या अनेक सरकारी शाळांमध्ये काही वर्षांपूर्वीपर्यंत एक रिकामी, जेमतेम कपाटाएवढी खोली असे. तिची नावं मात्र गोड होती: ‘शांत खोली’, ‘चिंतन कक्ष’, ‘निळी खोली’. वर्गात आवरेनासं झालेलं मूल तिथे न्यायचं, एकटं ठेवायचं आणि बाहेरून दार अडवून धरायचं, असा प्रकार. ही मुलं बहुतेक करून विशेष शिक्षण घेणारी होती: स्वमग्न, गतिमंद किंवा भावना आवरणं अवघड जाणारी. काही तर जेमतेम पाच वर्षांची.

नोव्हेंबर २०१९ मध्ये ‘शिकागो ट्रिब्यून’ आणि ‘प्रोपब्लिका’ यांच्या पत्रकारांनी या खोल्यांचा हिशेब मांडला. शंभराच्या आसपास शाळा-जिल्ह्यांतली कागदपत्रं त्यांनी चाळली. साधारण सव्वा वर्षात मुलांना असं कोंडल्याच्या २० हजारांहून अधिक घटना त्यात सापडल्या. मूल का कोंडलं हे ज्या नोंदींवरून कळत होतं, त्यांतल्या एक तृतीयांशाहून अधिक घटनांमध्ये कुणाच्याही सुरक्षेला धोका असल्याचा उल्लेखच नव्हता. कुणी अभ्यास करायला नकार दिला होता, कुणी शिवी दिली होती, कुणी दूध सांडलं होतं, तर कुणी लेगोचे ठोकळे फेकले होते. बातमी छापून आली आणि दुसऱ्याच दिवशी राज्याच्या शिक्षण मंडळाने तातडीचा आदेश काढून मुलांना एकटं कोंडण्यावर बंदी घातली.

यातली खरी मेख अशी, की इलिनॉयमध्ये नियम आधीपासून होताच. मुलाला स्वतःपासून किंवा इतरांना त्याच्यापासून धोका असेल तरच कोंडावं आणि प्रत्येक वेळी लेखी नोंद करावी, असं तो सांगत होता. शाळांनी नोंदी इमानेइतबारे केल्याही; मूल काय ओरडलं, किती वाजता रडलं, हे मिनिटामिनिटाला लिहून ठेवलं. पण त्या वह्या राज्याने कधी मागवल्या नाहीत आणि कुणी तपासल्याही नाहीत. कपाटात पडून राहिलेल्या त्या नोंदी पत्रकारांनी मागेपर्यंत निरुपयोगी होत्या.

धरणं आणि कोंडणं

अमेरिकेत या प्रकारांच्या व्याख्या ठरलेल्या आहेत. मुलाला हात, पाय, धड किंवा डोकं मोकळेपणी हलवता येऊ नये अशा रीतीने धरून ठेवणं, हा पहिला प्रकार. पट्ट्यासारख्या साधनाने जखडणं, हा दुसरा. आणि बाहेर पडता येणार नाही अशा जागी त्याच्या मर्जीविरुद्ध एकटं ठेवणं, हा तिसरा. मुलाला हात धरून वर्गापर्यंत नेणं किंवा शांत होईपर्यंत शिक्षकाच्या नजरेसमोर बाजूला बसवणं यांत मोडत नाही.

सर्वांत घातक पद्धत म्हणजे मुलाला पालथं पाडून दाबून धरणं. पाठीवर वजन आलं की छाती आणि पोट फुगायला जागा राहत नाही, श्वास कोंडतो. मूल सुटण्यासाठी धडपडतं, धरणाऱ्याला तो प्रतिकार वाटतो आणि तो आणखी जोर लावतो. कॅलिफोर्नियातल्या एका खासगी विशेष शाळेत २०१८ मध्ये तेरा वर्षांच्या स्वमग्न मुलाला असंच धरून ठेवलं गेलं आणि त्यात त्याचा जीव गेला. त्याआधी २००४ मध्ये जॉर्जियात तेवढ्याच वयाच्या मुलाने शाळेच्या कोंडायच्या खोलीतच गळफास घेतला होता. जॉर्जियाने कोंडण्यावर बंदी आणली ती २०१० मध्ये.

काँग्रेसमध्ये अडकलेला कायदा

रुग्णालयं आणि तत्सम संस्थांमध्ये रुग्णाला जखडण्यावर व कोंडण्यावर मर्यादा घालणारा केंद्रीय कायदा अमेरिकेत २००० साली झाला. शाळा मात्र त्यातून सुटल्या. मे २००९ मध्ये सरकारी लेखापरीक्षण कार्यालयाने, म्हणजे ‘गाओ’ने, काँग्रेसपुढे अहवाल ठेवला; मागच्या वीस वर्षांतले छळाचे आणि मृत्यूचे शेकडो आरोप त्यात होते. मार्च २०१० मध्ये कनिष्ठ सभागृहाने शाळांसाठीचं विधेयक २६२ विरुद्ध १५३ मतांनी मंजूर केलं, पण सिनेटमध्ये ते अडलं. पुढे ते पुनःपुन्हा मांडलं गेलं. कायदा काही झाला नाही. त्यामुळे मुलाला किती संरक्षण मिळणार, हे त्याची शाळा कुठल्या राज्यात आहे यावर ठरतं.

केंद्राच्या हाती उरते ती आकडेवारी. २०१७-१८ मध्ये देशभरातल्या शाळांनी एक लाखाहून अधिक विद्यार्थ्यांना धरल्याचं, जखडल्याचं किंवा कोंडल्याचं कळवलं. विशेष शिक्षणातली मुलं एकूण पटाच्या १३ टक्के. पण धरून ठेवलेल्या मुलांमध्ये त्यांचं प्रमाण ८० टक्के. हे आकडेही अपुरेच. २०१५-१६ मध्ये ७० टक्के शाळा-जिल्ह्यांनी ‘एकही घटना नाही’ असं कळवलं होतं, आणि त्यावर ‘गाओ’नेच शंका घेतली. व्हर्जिनियातला फेअरफॅक्स हा बडा जिल्हा वर्षानुवर्षं शून्य कळवत राहिला. पत्रकारांनी खोदून काढल्यावर शेकडो घटना बाहेर आल्या.

मेरीलँडच्या फ्रेडरिक काउंटीत केंद्रीय न्याय विभागाने चौकशी केली, तेव्हा अडीच शैक्षणिक वर्षांत १२५ मुलांवर मिळून ७,२५३ वेळा हे प्रयोग झाल्याचं आढळलं. कोंडलेलं प्रत्येक मूल दिव्यांग होतं. एकाच मुलावर पन्नास-शंभर वेळा तोच उपाय करावा लागत असेल, तर तो उपाय नव्हेच. डिसेंबर २०२१ मध्ये जिल्ह्याने कोंडणं थांबवण्याचा करार केला आणि पुढच्या वर्षी मेरीलँडने सगळ्या सरकारी शाळांत त्यावर बंदी आणली. न्यूझीलंडने ही बंदी २०१७ मध्येच केली होती.

शिक्षकांची बाजूही खरी आहे. चावणाऱ्या, डोकं आपटणाऱ्या मुलासमोर अपुऱ्या मदतनिसांसह उभं राहणं सोपं नाही. म्हणूनच चांगले कायदे नुसती मनाई करून थांबत नाहीत. मूल बिथरतं त्याआधी काय घडतं, हे शोधण्याचं प्रशिक्षण ते मागतात. आवाज, भूक, न झेपणारा अभ्यास ही कारणं बहुधा तिथेच सापडतात. इलिनॉयच्या २०२१ च्या कायद्याने खोलीला कुलूप लावणं बंद केलं आणि शाळांकडून हे प्रकार कमी करण्याचे आराखडे मागितले. न्यू जर्सीत दिव्यांग मुलाला धरलं किंवा कोंडलं, तर पालकांना लगेच कळवणं आणि ४८ तासांत लेखी अहवाल देणं २०१८ पासून बंधनकारक आहे. तिथे राहणाऱ्या मराठी पालकांनी हा अहवाल हक्काने मागावा.

आपल्याकडे काय?

शिक्षण हक्क कायद्याचं कलम १७ शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळाला मनाई करतं. राष्ट्रीय बालहक्क आयोगाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार वर्ग, ग्रंथालय, स्वच्छतागृह अशा बंद जागेत मुलाला अडकवून ठेवणं हीसुद्धा शारीरिक शिक्षाच. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ तर मनोरुग्णाला एकांतात कोंडायला मनाई करतो. जखडायचं झालं तर मनोविकारतज्ज्ञाची परवानगी आणि नोंद लागते. पण ही तरतूद आरोग्य संस्थांसाठी आहे. शाळेत बिथरलेल्या मुलाला कुणी, कसं, किती वेळ धरावं आणि ते कुठे लिहावं, हे शिक्षण हक्क कायदा सांगत नाही. त्यामुळे शिक्षा आणि बचाव यांतली सीमा त्या क्षणी शिक्षकच ठरवतो आणि पालकांना ते कळतंच असं नाही.

अमेरिकेचा धडा सरळ आहे: ज्या घटनेची नोंद वर जात नाही, ती कायद्याच्या दृष्टीने घडलेलीच नसते. तेव्हा आपल्या मुलाच्या शाळेला तीन प्रश्न लेखी विचारा. मूल अनावर झालं तर काय करायचं याचं धोरण आहे का? त्याला धरावं लागलं तर आम्हाला त्याच दिवशी कळवाल का? आणि ती नोंद आम्हाला वाचायला मिळेल का? विशेष शाळेला तर विचाराच, पण सर्वसाधारण शाळेलाही विचारा.