आष्टी नेमकी कोणती? मध्यम उद्योगांसाठी डेटा वेअरहाऊस

(आष्टी, ता. परतूर, जि. जालना येथे व्यापारी, जिनिंगवाले, कृषी सेवा केंद्रचालक आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांचे संचालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)



विषयाचं नाव जड आहे, पण त्यातला प्रश्न तुमच्या रोजच्या धंद्यातला आहे. मध्यम उद्योगाची सरकारी व्याख्या तुम्हाला ठाऊक असेल. १ एप्रिल २०२५ पासून यंत्रसामग्रीतली गुंतवणूक १२५ कोटींपर्यंत आणि उलाढाल ५०० कोटींपर्यंत, अशी त्याची वरची मर्यादा आहे. मी मात्र आज त्याहून साधी खूण धरतो. ज्या धंद्याचा सगळा हिशेब आता एका माणसाच्या डोक्यात मावत नाही, तो माझ्या लेखी मध्यम. तीन-चार दुकानं, दोन गोडाऊन, एखादी जिनिंग, आणि मालक एकटा. असे धंदे आपल्या भागात बरेच आहेत.

अशा मालकाकडे माहिती कमी नसते. उलट ती चार ठिकाणी असते. हिशेब टॅलीत, खताची विक्री पॉस मशीनमध्ये, कापसाचं वजन काट्यावरच्या संगणकात, उधारीची वही मुनीमजींकडे, आणि उरलेलं मुलाच्या एक्सेलमध्ये. प्रत्येक ठिकाणची नोंद आपापल्या जागी बरोबर असते. पण "गेल्या पाच वर्षांत कोणत्या गावानं उधारी वेळेवर फेडली?" असं विचारलं, की चौघं चार उत्तरं देतात. ही चार ठिकाणची माहिती एका जागी, एका अर्थानं आणि जुन्या इतिहासासकट ठेवायची जी व्यवस्था, तिला डेटा वेअरहाऊस म्हणतात.

रोजकीर्द आणि खतावणी

आपल्या जुन्या हिशेबात दोन वह्या असायच्या. रोजकीर्दीत दिवसभराचे व्यवहार जसे घडले तसे उतरवायचे. मग खतावणीत तेच व्यवहार खात्यांप्रमाणे लावायचे. रोजकीर्द सांगते आज काय झालं. खतावणी सांगते अमक्या खात्याचं एकूण काय चाललंय. दोन्हींतली रक्कम तीच, पण मांडणी वेगळी, कारण विचारायचे प्रश्न वेगळे.

संगणकातही तेच. बिल फाडायचं सॉफ्टवेअर घाईचं काम करतं. समोर गिऱ्हाईक उभं असतं, एक पावती हवी असते, लगेच हवी असते. त्याच यंत्रणेला दहा वर्षांची बेरीज मागितली, तर काउंटरवरचं काम अडतं. म्हणून विचार करायची जागा वेगळी ठेवावी, हा या विषयाचा पाया आहे. १९८८ मध्ये आयबीएमच्या बॅरी डेव्हलिन आणि पॉल मर्फी यांनी हा विचार एका लेखात मांडला. १९९२ मध्ये बिल इनमन यांचं या विषयावरचं पुस्तक आलं, १९९६ मध्ये राल्फ किंबॉल यांचं. आजही या क्षेत्रातली माणसं या दोघांच्या पद्धतींवर वाद घालतात.

इनमन यांनी वेअरहाऊसची चार लक्षणं सांगितली. माहिती विषयवार लावलेली हवी. सगळीकडून आलेली माहिती एकजिनसी केलेली हवी. तिच्यावर काळाची खूण हवी. आणि आत गेलेली नोंद मागाहून खोडायची नाही. वेअरहाऊस म्हणजे वखार, हे तर तुम्हाला सांगायला नको. वखारीत सोयाबीन असंच ओतत नाहीत. आधी वजन, मग ओलावा, मग प्रत, मग थप्पी, मग पावती. डेटाच्या वखारीतही दारावरची तपासणी हेच खरं काम. सॉफ्टवेअर त्यानंतर येतं, आणि आपण नेमकी सुरुवात तिथून करतो.

एका नावाची अनेक गावं

आता तपासणी म्हणजे काय, ते आपल्याच गावावरून बघू. समजा तुमचा बियाण्यांचा व्यवसाय वाढला आणि माल महाराष्ट्रभर जायला लागला. यादीत गावाच्या रकान्यात लिहिलंय, "आष्टी". कोणती आष्टी? आपली परतूर तालुक्यातली? बीड जिल्ह्यातली, जी स्वतःच तालुक्याचं ठिकाण आहे? वर्धा जिल्ह्यातली, तीही तालुक्याचंच ठिकाण? गडचिरोलीतली, चामोर्शी तालुक्यातली? की सोलापूर जिल्ह्यात मोहोळ तालुक्यातली? संगणकाला पाचही सारख्याच. तो बेरीज करून मोकळा होतो, आणि आष्टीत विक्री जोरात आहे असं तुम्हाला दिसतं.

दुसरी गंमत काळाची. जालना जिल्हा झाला १ मे १९८१ रोजी. त्याआधी परतूर तालुका परभणी जिल्ह्यात होता, म्हणजे आपली आष्टीही परभणीचीच. शेत तेच, माणसं तीच, जिल्हा बदलला. मग १९८० सालची विक्री जालन्यात धरायची की परभणीत? तेव्हाचा परभणी जिल्हा कसा होता हे बघायचं असेल, तर परभणीत. आजच्या जालना जिल्ह्याचा जुना इतिहास बघायचा असेल, तर जालन्यात. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. म्हणून वेअरहाऊसमध्ये जुनी ओळ खोडत नाहीत. गावाला एक कायमचा क्रमांक देतात आणि त्यापुढे लिहितात, अमुक तारखेपर्यंत हा जिल्हा, अमुक तारखेपासून तो. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं. हे सांगितलं नसेल, तर एकच गिऱ्हाईक तुमच्या यादीत दोन शहरांत राहायला लागतं.

गोणी म्हणजे किती?

खतवाल्यांसाठी एक उदाहरण. युरियाची गोणी पूर्वी ५० किलोची होती, २०१८ पासून ती ४५ किलोची झाली. समजा तुम्ही २०१७ मध्ये १,००० गोण्या विकल्या, म्हणजे ५० टन. तेवढाच ५० टन माल २०१९ मध्ये विकला, तर गोण्या होतात १,१११. कागदावर विक्री ११ टक्के वाढली. शेतात मात्र एक किलोही जास्त पडला नाही. त्या "वाढी"च्या भरवशावर कुणी नवं गोडाऊन भाड्यानं घेतलं, तर भाडं मात्र खरंखुरं भरावं लागतं. म्हणून नोंदीत गोणीची संख्या ठेवा, पण शेजारी किलोही ठेवा. जिनिंगवाल्यांनाही हेच लागू. कापूस येतो क्विंटलमध्ये, रुई जाते १७० किलोच्या गाठींमध्ये, सरकी वेगळीच.

तिसरा घोळ वर्षाचा. तुमचं आर्थिक वर्ष एप्रिल ते मार्च. कापसाचा हंगाम ऑक्टोबर ते सप्टेंबर. खरीप जूनमध्ये सुरू होतो. एकाच हंगामातला कापूस दोन आर्थिक वर्षांत मोडून पडतो, आणि हंगाम चांगला गेला की वाईट ते ताळेबंदातून कळत नाही. उपाय सोपा आहे. तारखांचा एक तक्ता करायचा. प्रत्येक तारखेपुढे आर्थिक वर्ष, खरीप की रब्बी, आणि कापसाचा हंगाम लिहून ठेवायचा. एकदाच करायचं काम.

मांडणी

किंबॉल यांची मांडणी आपल्याला पुरते. मधोमध एक तक्ता, घडलेल्या गोष्टींचा. प्रत्येक ओळ म्हणजे बिलातली एक ओळ: किती, केवढ्याला. त्याभोवती चार तक्ते: कोण, काय, कुठे, केव्हा. गिऱ्हाईक, माल, गाव, तारीख. मधल्या तक्त्यातून चौफेर धागे जातात, म्हणून या मांडणीला स्टार म्हणतात. "कोणत्या गावात, कोणत्या हंगामात, कोणतं वाण, किती" हा प्रश्न मग एका ओळीत विचारता येतो.

सॉफ्टवेअर कोणतं?

आधी माप घेऊ. रोज ५०० बिलं, बिलात सरासरी ४ ओळी, वर्षात ३०० दिवस. झाल्या वर्षाला ६ लाख ओळी, दहा वर्षांत ६० लाख. एका ओळीला २०० बाइट धरले, तर सगळं मिळून १.२ जीबीच्या आसपास. तुमच्या मोबाईलमधले लग्नाचे व्हिडिओ याहून जास्त जागा खातात. तेव्हा कुणी "बिग डेटा" म्हणत मोठं कोटेशन पुढं केलं, तर हा हिशेब त्याच्यासमोर ठेवा.

एवढ्या माहितीला पोस्टग्रेस हे मोफत आणि मुक्त सॉफ्टवेअर पुरतं. बेरजा-सरासऱ्यांसाठी डकडीबी आहे, तेही मोफत आणि साध्या लॅपटॉपवर चालतं. ते माहिती रकान्यारकान्यानं साठवतं. नुसत्या रकमेची बेरीज हवी असेल, तर रकमेचाच रकाना वाचायचा, अख्खं बिल उलगडायचं नाही. म्हणून वेग मिळतो. गूगलचं बिगक्वेरी, ॲमेझॉनचं रेडशिफ्ट, स्नोफ्लेक ही क्लाऊडवरची नावंही याच तत्त्वावर चालतात. तिथे यंत्र विकत घ्यावं लागत नाही, वापराप्रमाणे पैसे लागतात. पण "वापराप्रमाणे" हा शब्द जपून ऐका. चुकीचा प्रश्न दर पाच मिनिटांनी आपोआप विचारला जात असेल, तर त्याचंही बिल येतं. समोर आलेख दिसायला पॉवर बीआय किंवा मेटाबेस. टॅलीतून माहिती बाहेर काढता येते. ती रोज रात्री काढून, तपासून, आत भरायची. खर्च होतो तो या तपासणीवर, आणि तो व्हायलाच हवा.

सुरुवात एका प्रश्नापासून करा. माझं मत विचाराल, तर उधारीपासून. जूनमध्ये बियाणं-खत उधार जातं, सोयाबीन-कापूस विकला की पैसे येतात. पुढच्या जूनला कुणाला किती द्यायचं, हे ठरवायला तुम्ही जुनी नोंद बघता. एकाच गावात एकाच नावाची दोन माणसं असतात, आडनावासकट. एकानं दिवाळीलाच पैसे चुकते केले, दुसऱ्यानं दोन वर्षं थकवले, आणि तुमच्या यंत्रणेनं दोघांना एकच धरलं. मग पेरणीच्या तोंडावर त्या पहिल्या माणसाला दुकानातून रिकाम्या हातानं परत जावं लागतं. पूर्वी मुनीमजी चेहरा ओळखायचे. संगणक चेहरा ओळखत नाही, म्हणून ही ओळख आधी नीट करून घ्यायची.

आणि ओळखीसाठी लागेल तेवढंच ठेवा. डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायदा २०२३ मध्ये झाला आहे. विक्रीचा कल बघायला आधार क्रमांक लागत नाही. गिऱ्हाईकाला स्वतःचा खाते क्रमांक द्या, आणि मोबाईल नंबर कुणाकुणाला दिसावा ते ठरवून ठेवा.

श्रोत्यांचे प्रश्न

*एक्सेलमध्ये भागणार नाही का?*

भागतं तोवर जरूर भागवा. पण एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळीच मावतात. आपल्या हिशेबानं दुसऱ्या वर्षीच पान भरतं. आणि कुणी कधी काय खोडलं, याचा माग नंतर लागत नाही.

*हे काम बाहेरच्या कंपनीला देऊन टाकलं तर?*

सॉफ्टवेअर बसवायचं काम द्या. पण "विक्री" कशाला म्हणायचं, परत आलेला माल कधी वजा करायचा, हे तुम्ही, मुनीमजी आणि तुमच्या सीएनी एकत्र बसून ठरवायचं. दोन पानांत मावेल एवढं लिहून काढा, आणि मगच कोटेशन मागवा.

*आता एआय आलंय. त्यालाच विचारलं तर सगळं सांगेल ना?*

सांगेल, आणि मोठ्या आत्मविश्वासानं सांगेल. पण आतल्या यादीत पाच आष्ट्या एकत्र झालेल्या असतील, तर तोही पाचांचीच बेरीज सांगेल. फरक एवढाच, की ती चूक आता चांगल्या मराठीत ऐकायला मिळेल. तेव्हा यादी आधी.