मिशा फुटलेल्या मुलाचा फोटो

सहकारी बँकेत अठ्ठावीस वर्षं मी कॅशियर आहे. दिवसाला लाखो रुपये या बोटांखालून जातात, पण दुसऱ्याकडे शंभर रुपये मागायची वेळ आली की जीभ टाळ्याला चिकटते. मुंबई मॅरेथॉनमधली अर्धी, म्हणजे २१.०९७ किलोमीटर, मी एक्कावन्नाव्या वर्षी पळाले त्याचं लोकांना कौतुक. पळणं त्यातलं सोपं काम होतं.

सुरुवात भाच्याच्या मानेवरच्या गाठीने झाली. बावीस वर्षांचा, डिप्लोमा करून नुकता कारखान्यात चिकटलेला. आपल्याकडे मानेत गाठ म्हटली की आधी टीबीच आठवतो. गावाकडे त्याला चार महिने टीबीच्या गोळ्या दिल्या. गाठ हटेना, ताप उतरेना, रात्री घामाने गादी भिजायची. शेवटी बायॉप्सी केली आणि कळलं, हॉजकिन्स लिम्फोमा. हा तरुणपणी गाठणारा कर्करोग, आणि उपचार वेळेवर व पुरे झाले तर बहुतेक जण त्यातून बरे होतात. डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितलं, पण आमच्या दादाला, म्हणजे त्याच्या वडिलांना, त्यातला ‘कर्करोग’ एवढाच शब्द ऐकू आला. तो पुढे सहा महिने उसाकडे फिरकला नाही. भाचा माझ्याकडे डोंबिवलीला राहायला आला. प्रोबेशनवर होता, त्यामुळे नोकरी आपोआपच गेली.

दर पंधरा दिवसांनी केमो, अशा बारा खेपा. त्यातलं एक औषध रुहअफ्जासारखं लालभडक. ते चढवायला घेतलं की हा मान फिरवायचा. वॉर्डात त्याच्या एका बाजूला तंबाखूने जबडा गेलेले साठीचे आजोबा, दुसऱ्या बाजूला तसेच दुसरे. पलीकडे लहान मुलांचा विभाग, तिथे भिंतींवर हत्ती, जिराफ, खेळणी, शनिवारी जादूगार. विशीतल्या पोरांना ना धड इकडे जागा ना तिकडे. अमेरिकेत पंधरा ते एकोणचाळीस हा कर्करोगाचा वेगळा वयोगट मानतात. इंग्लंडमध्ये टीनएज कॅन्सर ट्रस्टने १९९० साली लंडनच्या मिडलसेक्स हॉस्पिटलात खास या वयासाठी पहिला वॉर्ड उभा केला. कारण साधं आहे. या वयात शिक्षण, नोकरी, लग्न सगळंच अर्ध्यावर असतं, आणि आजार नेमका तिथेच येऊन बसतो.

केमो सुरू होण्याआधी डॉक्टरांनी वीर्य साठवून ठेवायचा सल्ला दिला, कारण औषधांनी पुढे मूल होण्यात अडचण येऊ शकते. मी आत्या. हे त्याच्याशी बोलायचं कसं? दादा तर खिडकीबाहेर बघत बसला. मग मीच लॅबचा पत्ता चिठ्ठीवर लिहून त्याच्या हातात दिला. तो म्हणाला, “आत्या, तू खाली चहा पी तोवर.” मी दोन चहा प्यायले. उपचाराच्या अंदाजपत्रकात हा खर्च कोणी धरत नाही, आणि साठवणुकीचं भाडं तर वर्षानुवर्षं भरायचं असतं.

लोकलमध्ये दिव्यांगांसाठी आणि कर्करोगाच्या रुग्णांसाठी वेगळा डबा असतो. भाच्याचे केस जायच्या आधीचे दिवस होते, उंच, रुंद खांद्यांचा पोरगा. त्या डब्यात बसला की कोणीतरी खेकसायचंच, “ए हिरो, दुसऱ्या डब्यात जा!” मग तो पिशवीतून हॉस्पिटलची जाडजूड फाईल काढून मांडीवर ठेवायचा. पुढे पुढे गाडीत चढतानाच फाईल हातात धरायला लागला.

पळण्याचं खूळ माझ्या डोक्यात त्यानेच घातलं. सलाईन चालू असताना मोबाईलवर एक जुनी फिल्म दाखवली. कुरळ्या केसांचा एक मुलगा हायवेच्या कडेने लंगडत पळतोय, मागे एक व्हॅन. हा कॅनडातला टेरी फॉक्स. अठराव्या वर्षी, १९७७ साली, हाडाच्या कर्करोगामुळे त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापला. वॉर्डात त्याने बाकीच्यांचे हाल पाहिले, त्यात लहान मुलंही होती, आणि संशोधनासाठी पैसे उभे करायचे म्हणून देश पळत ओलांडायचं ठरवलं. १२ एप्रिल १९८० रोजी सेंट जॉन्सला अटलांटिकच्या पाण्यात कृत्रिम पाय बुडवून तो निघाला. रोज साधारण बेचाळीस किलोमीटर, म्हणजे रोज एक मॅरेथॉन. तेव्हाचा कृत्रिम पाय पळण्यासाठी केलेलाच नव्हता. तो पुढे यायला वेळ लागायचा, म्हणून टेरी चांगल्या पायावर एक जादा उडी घ्यायचा. उडी, पाऊल, उडी, पाऊल. १४३ दिवस, ५,३७३ किलोमीटर. १ सप्टेंबरला थंडर बे गावाजवळ छातीत कळ आली तेव्हा थांबला. आजार फुप्फुसात पोचला होता. पुढच्या जूनमध्ये तो गेला, वयाच्या बाविसाव्या वर्षी. भाच्याचंही वय तेव्हा बावीसच. दोघेही त्यावर काही बोललो नाही.

मला मात्र त्या गोष्टीतला हिशेब आवडला, जित्याची खोड! टेरीने माणशी एक डॉलर मागितला. देशाची लोकसंख्या दोन कोटी चाळीस लाख, तर तेवढे डॉलर. दहा हजार वस्तीच्या पोर्ट ओ बास्क गावाने दहा हजार डॉलर दिले, आणि काही ठिकाणी गाड्यावाले त्याला रस्त्याबाहेर घालवायचे. तरी फेब्रुवारी १९८१ पर्यंत दोन कोटी एक्केचाळीस लाखांवर आकडा गेला. मीही दर ठरवला: किलोमीटरला शंभर रुपये, एकवीस किलोमीटरचे एकवीसशे.

इथे एक गैरसमज दूर करते, कारण मलाही तो होता. मॅरेथॉनची प्रवेश फी संस्थांना जात नाही. ती शर्यत भरवायला लागते. मुंबई मॅरेथॉन २००४ पासून जानेवारीत होते, आणि देणग्यांचा कारभार तिथे वेगळा चालतो, ‘युनायटेड वे मुंबई’मार्फत. आपण तिथे नोंदवलेल्या संस्थांपैकी एक निवडायची, तिच्या नावाने पान उघडायचं आणि ओळखीच्यांना गळ घालायची. पैसे त्या संस्थेसाठी जातात, देणाऱ्याला आयकर सवलतीची पावती मिळते. मी निवडलेली संस्था विशी-तिशीतल्या रुग्णांचा प्रवास, खोलीभाडं, राहिलेल्या परीक्षेची फी आणि कृत्रिम पाय असल्या खर्चाला मदत करते.

पानावर भाच्याने स्वतःचाच फोटो टाकायला लावला. मिशा, गॉगल, बुलेटला टेकून. आठवडाभरात आले साडेतीन हजार. सोसायटीतले एक काका म्हणाले, “हा तर धडधाकट दिसतो. लहान मुलांसाठी असतं तर दिले असते.” दुसऱ्यांनी आवाज खाली आणून विचारलं, “व्यसन होतं का काही?” तेव्हा कळलं, टक्कल पडलेल्या चार वर्षांच्या पोरीचा फोटो पाहून खिशात आपोआप जाणारा हात मिशा फुटलेल्या पोरापाशी अडतो. त्याने कमवायचं असतं ना! संस्थेतल्या बाई म्हणाल्या, फोटो बदला. भाचा म्हणाला, नको. मलाही ते पटलं. फोटो बदलायचा नाही म्हटल्यावर एकच वाट उरली, दारोदार जाऊन बोलणं.

पहाटे साडेचारला भागशाळा मैदानात फेऱ्या, रविवारी ठाकुर्लीचा नव्वद फुटी रस्ता, आणि संध्याकाळी मागणं. पळण्याबद्दल सांगण्यासारखं फार नाही. आधी सलवार पायांत अडकायची, मग ट्रॅकपॅन्ट आली. डावा गुडघा दुखला, फिजिओने मांडीचे व्यायाम दिले, थांबला. चौदा महिने लागले. मागण्याचं मात्र तंत्र सापडावं लागलं. “मदत करा” म्हटलं की लोक दयेचा चेहरा करून पन्नासची नोट काढत. “माझा एक किलोमीटर विकत घ्या, पेडर रोडचा चढ आहे” म्हटलं की हसत आणि शंभर देत. शर्यतीच्या तीन दिवस आधी संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. मी वाण लुटलं नाही. तिळगुळाच्या ताटाशेजारी वही ठेवली. एकीने सगळ्यांसमोर नाक मुरडलं. जाताना तिनेच दोन किलोमीटर घेतले, तेही सी लिंकवरचे.

शर्यतीच्या आदल्या रात्री दादरला मावसबहिणीकडे मुक्काम केला आणि काळोखात माहीमला उभी राहिले. सी लिंकवर एरवी पायी पाऊल ठेवता येत नाही. त्या दिवशी खाली काळं पाणी, वर तारांचे दोर आणि हजारो बुटांचा आवाज. वरळीला उजाडलं, हाजी अलीला पोटऱ्या बोलायला लागल्या. पेडर रोडवर लोक घरासमोर उभे राहून पाणी आणि संत्र्याच्या फोडी देत होते. तो चढ मी चालत काढला. विकलेला माल होता, पण पळतच चढेन असं कुठे लिहून दिलं नव्हतं! मरिन ड्राइव्ह सपाट, म्हणून लोक हुरळतात. माझ्या मते सगळ्यात लांब तोच, कारण शेवट दिसतो आणि येत नाही. तीन तास चार मिनिटं. वहीत आणि पानावर मिळून एक लाख त्रेसष्ट हजार चारशे पन्नास. ठरवले होते दोन लाख. वहीतली रोकड बँकेतल्या सवयीने तीनदा मोजली.

भाचा सीएसएमटीला घ्यायला आला होता. आता केस दाट आलेत, दर काही महिन्यांनी तपासणी, आणि नोकरीच्या मुलाखतीत प्रत्येक ठिकाणी ‘मधल्या वर्षभरात काय करत होता’ हा प्रश्न. रविवार, मेगाब्लॉक, फलाट माणसांनी फुललेला. गाडी लागली तेव्हा माझा पाय पायरीएवढाही उचलेना. भाच्याने माझा दंड धरला आणि सवयीने मला त्या वेगळ्या डब्याकडे न्यायला लागला. दारापाशी पोचून थबकला.

“फाईल नाहीये गं आत्या,” तो म्हणाला. “माळ्यावर टाकलीय.”

मग आम्ही साध्या डब्यात चढलो. घाटकोपरला बसायला मिळालं.