शेपू, साय आणि साडेसहाशे किलोमीटर

लग्नाला तेहतीस वर्षं झाली, पण आमची गाडी लांब गेली ती लग्नकार्याला, नाहीतर दवाखान्यात. माझं माहेर कोल्हापूरजवळचं वळीवडे. आई गेल्यावर भावांनी घर विकायचं ठरवलं आणि सहीला मला बोलावलं. एरवी आम्ही ट्रॅव्हल्सनं जातो. या वेळी हे म्हणाले, "गाडीनंच जाऊ. वाटेल तिथं थांबू."

आर्णी, महागाव, उमरखेड. पैनगंगा ओलांडली की आपला जिल्हा संपतो. नांदेड, लातूर करत सोलापुरात मुक्काम केला. डब्यात दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी. कपाशी मागे पडली, मग सोयाबीन, आणि मिरजेपुढे नुसता ऊस.

वाटेत यांना मी आईच्या लहानपणीचा 'पोलिश कॅम्प' सांगत होते. 1943 ते 1948 या काळात वळीवड्यात पाचेक हजार पोलिश निर्वासित राहिले, बहुतेक बायका आणि मुलं. 1939 मध्ये सोव्हिएत रशियानं पोलंडचा पूर्वभाग घेतला आणि तिथल्या कुटुंबांना घरातून उठवून सायबेरिया, कझाकस्तानात धाडलं. 1941 मध्ये सुटका झाल्यावर त्यातले काही इराणमार्गे भारतात आले. कॅम्पात शाळा होत्या, चर्च होतं, दवाखाना होता. आई सांगायची, "त्या बायका बाजारात खुणा करून भाजी घ्यायच्या." युद्ध संपलं तेव्हा त्यांच्यातल्या कित्येकींची गावं रशियाच्या हद्दीत गेली होती. परत जायचं तर कुठं? कुणी इंग्लंडला गेलं, कुणी ऑस्ट्रेलियाला. एक मुलगी मात्र कोल्हापूरचीच सून झाली!

सही झाली. आईचा पाटा तेवढा मी मागून घेतला. भावजयीनं नको-नको म्हणत डिकीत ठेवायला मदत केली. परतताना हे न सांगताच कोल्हापूरच्या महावीर उद्यानाकडे वळले. तिथं या पोलिश लोकांचं स्मारक आहे. आम्ही बराच वेळ बसलो. मला रडू आलं. हे काही बोलले नाहीत, पाण्याची बाटली पुढे केली.

घरी आल्यावर मी पोलंडची 'मिझेरिया' केली. आपल्या कोशिंबिरीची बहीणच म्हणा. नावाचं मूळ लॅटिन आहे, अर्थ दैन्य. चवीत मात्र दैन्य अजिबात नाही.

दोन कोवळ्या काकड्या सोलून अगदी पातळ चकत्या करा. पाव चमचा मीठ लावून पंधरा मिनिटं ठेवा, मग हलक्या हातानं पाणी पिळून टाका. तिकडे आंबट क्रीम वापरतात. आपण चार चमचे घट्ट दही आणि दोन चमचे साय फेटून घ्यावी. त्यात चिमूटभर साखर, मिरपूड, थोडं लिंबू आणि चमचाभर बारीक चिरलेला कोवळा शेपू. हो, शेपूच! आपल्याकडे पोरं नाक मुरडतात तोच. काकडी आयत्या वेळी घाला, नाहीतर पाणी सुटतं.

यांनी पहिला घास घेतला. "फोडणी विसरली का वं?"

"यात नसते."

"अन् दाण्याचं कूट?"

तेही नसतं. पण वाटी दोनदा पुढे आली.