मालिका मिळून लिहायची कशी?

चाळीसगावहून बोलतेय. भाकरी थापून झाल्या असतील, कुणाच्या चुलीवर डाळ अजून शिजत असेल. हातातलं काम चालू द्या, कान तेवढा इकडे ठेवा.

रोज संध्याकाळी आपण मालिका बघतो. तिच्यात नावं येतात ना, भराभर सरकत जाणारी, ती कधी नीट वाचली आहेत का? कथा एकाची, पटकथा दुसऱ्याची, संवाद तिसऱ्याचे. मला पूर्वी वाटायचं, एक हुशार माणूस खोलीचं दार लावून बसत असेल आणि सगळी मालिका लिहून काढत असेल. तसं नसतं. रोजच्या मालिकेचे आठवड्याला पाच-सहा भाग लागतात. अर्ध्या तासातून जाहिराती वजा केल्या की साधारण बावीस मिनिटांची गोष्ट उरते. तेवढी गोष्ट रोज नव्याने लिहिणं एकट्याच्या आवाक्यातलं नाही. म्हणून काम वाटून घेतात.

कथा लिहिणारा पुढच्या काही महिन्यांत काय घडणार ते ठरवतो. त्यातून प्रत्येक भागाचा चार ओळींचा सारांश निघतो. पटकथा लिहिणारी त्या चार ओळींचे प्रसंग पाडते: आधी स्वयंपाकघर, मग ओटा, मग बसस्टँड, कोण आलं, कोण गेलं, भाग कुठे थांबला. संवाद लिहिणारी पात्रांच्या तोंडी बोलणं घालते. वर दिग्दर्शक असतो, वाहिनीची माणसं असतात. त्यांनी सांगितलं की लिहिलेलं पुन्हा बदलायचं.

आपल्याकडे खापरावरचे मांडे करतात ना, तसंच हे. पुरण एकीचं, कणीक दुसरीची, हातावर फिरवून मोठा करणारी तिसरी, आणि खापराजवळ बसून भाजणारी चौथी. कणीक सैल झाली तर फिरवणारीच्या हातात मांडा फाटतो. फाटल्यावर कणकेवालीला बोल लावत बसलं तर खापर नुसतं तापत राहतं. मिळून लिहिणं शिकायचं म्हणजे फाटलेला मांडा कसा सावरायचा ते शिकायचं.

हे मी पुस्तकातून शिकले नाही. आमच्या गटाने एकदा वीस मिनिटांची गोष्ट लिहिली, तेव्हा चुकत चुकत शिकले. तेच आज सांगते.

तुम्हाला ३१ ऑगस्ट २०२१ आठवत असेल. रात्रभर पाऊस, तितूर आणि डोंगरी दोन्ही नद्यांना पूर, कन्नड घाटात दरड कोसळलेली. गुरं वाहून गेली, दुकानांत आणि घरांत चिखल. पुढच्या वर्षी आमच्या बचत गटाच्या बैठकीत कुणीतरी म्हणालं, त्या रात्रीवर आपण काहीतरी करू या. केबलवाले भाऊ म्हणाले, तुम्ही करा, मी माझ्या वाहिनीवर दाखवतो. आम्ही नऊ जणी. लिहिता-वाचता नीट येणाऱ्या चार. वही माझ्याकडे आली.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. मी घरून गोष्ट लिहून नेली आणि वाचून दाखवली. सगळ्या म्हणाल्या, छान आहे. पुढच्या बैठकीला तिघीच आल्या. मला राग आला. मग आमच्यातल्या एक मावशी म्हणाल्या, "बाई, तू सगळंच रांधून आणलं, आता आम्ही काय फक्त ताट धरायचं?" खरं होतं. मी वही मिटली. पुढच्या दोन बैठका कुणीच काही लिहिलं नाही, फक्त बोललो. प्रत्येकीने एकच सांगायचं: त्या रात्री तुझ्या हातात काय होतं? एकीच्या हातात झोपलेलं लेकरू होतं. एकीच्या हातात रेशनकार्ड आणि बँकेचं पासबुक. एकीने म्हशीचं दावं कापायला विळा घेतला होता. गोष्ट इथून सुरू झाली. आधी सगळ्यांचं बोलणं, मग वही, हा आमचा पहिला नियम.

दुसरी अडचण भाषेची. मी लिहिलं होतं, "अहो, आपल्या घरामध्ये पाणी शिरले आहे." मावशी हसायलाच लागल्या. म्हणाल्या, पूर आल्यावर असं कोण बोलतं? "पानी घरमा उनं, माय!" बस, एवढंच. त्या दिवसापासून संवाद लिहायचे नाहीत, आधी म्हणून बघायचे असं ठरलं. एक जण सासू, एक जण सून, उभं राहून बोलायचं. जीभ अडखळली की ते वाक्य काढायचं. लिहिता न येणाऱ्या पाच जणी इथे आम्हा चौघींच्या गुरू झाल्या.

तिसरी अडचण भांडणाची. एक म्हणे गोष्टीत सरपंच हवा, दुसरी म्हणे नको. एक म्हणे शेवट आनंदाचा, दुसरी म्हणे खोटं आहे ते. आम्ही ठरवलं, "नको" म्हणणारीने नको का ते सांगायचं आणि त्या जागी काय हवं तेही सांगायचं. बोलायचं ते प्रसंगाबद्दल. "तुला काही कळत नाही" असं म्हणायचं नाही; "हा प्रसंग मला पटत नाही, कारण पुराच्या रात्री सरपंच आपल्या गल्लीत येऊच शकला नसता" असं म्हणायचं. आणि दोन बैठकांत मिटलं नाही तर शेवटचा शब्द एकीचा. ती कोण हे काम सुरू होण्याआधी ठरवायचं, भांडण पेटल्यावर नाही.

उपदेशाचंही सांगते. पहिल्या खर्ड्यात आम्ही दर दोन मिनिटांनी कुणाच्या तरी तोंडी सूचना घातली होती: कागद प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा, पाणी उकळून प्या. चांगल्याच सूचना, पण ऐकताना जांभई येई. दूरदर्शनवर ७ जुलै १९८४ ला 'हम लोग' ही मालिका सुरू झाली, मोठ्या बायांना आठवत असेल. मनोहर श्याम जोशी तिचे लेखक. कुटुंबनियोजनाचा विचार घरोघरी जावा हा तिच्यामागचा एक हेतू होता. सुरुवातीच्या भागांत उपदेश जास्त झाला, लोकांना रुचला नाही, मग तो कमी केला आणि घरातल्या माणसांची गोष्ट पुढे आणली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार येऊन प्रेक्षकांशी बोलत. लोकांनी लाखो पत्रं लिहिली, पात्रांना सल्ले दिले. म्हणजे बघणारेही लिहिणाऱ्यांत सामील झाले. मालिका दीडशेहून अधिक भाग चालली. आम्हीही मग सूचना काढल्या आणि पिशवीत गुंडाळलेलं रेशनकार्ड नुसतं दाखवलं. कळायचं त्यांना कळलं.

आता सगळ्यात मोठी चूक. ही मी ज्या बाईबद्दल सांगतेय तिला विचारून सांगतेय, आणि ओळखीच्या खुणा बदलल्या आहेत.

बोलण्याच्या बैठकीत एकीने रडत रडत सांगितलं होतं की, घरात कुणालाही न सांगता तिने थोडे पैसे साठवले होते, गव्हाच्या कोठीत लपवले होते. पुरात कोठी भिजली, नोटांचा लगदा झाला. आणि दुःख सांगायचं कुणाला? सांगितलं तर लपवलं होतं हे कळणार. मैत्रिणींनो, मला तो प्रसंग इतका भिडला की मी तो जसाच्या तसा लिहून टाकला. तिला विचारलं नाही. माझं म्हणणं, नाव कुठे घातलंय? तालमीच्या दिवशी ओट्यावर गल्लीतल्या चार बाया बघायला आल्या होत्या. प्रसंग सुरू झाला आणि ती उठून गेली. नंतर आलीच नाही. गावात नाव सांगावं लागत नाही. कोठी म्हटलं की घर ओळखू येतं.

मी आणि मावशी तिच्या घरी गेलो. दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना. मी म्हटलं, चुकलं माझं, तो प्रसंग काढून टाकते. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "काढू नको. बदल. पैसे सुनेने नाही, सासूने लपवलेले दाखव. आणि सुनेला ते सापडतात." आम्ही दोघी बघतच राहिलो. कुणी ओळखणार नाही हे तर झालंच, पण गोष्टही बदलली. आता दोन बाया एकमेकींचं गुपित जपतात. आमच्या वीस मिनिटांत लोक सगळ्यात शांत बसले ते तिथे. तो प्रसंग तिने लिहिला, अक्षर माझं.

म्हणून नियम असा: बैठकीत सांगितलेलं दुःख हे गोष्टीचं सामान नाही. जिचं आहे तिला आधी विचारायचं, आणि लिहून झाल्यावर तिलाच पहिल्यांदा वाचून दाखवायचं. बदलायचा, थांबवायचा हक्क तिचा.

मग प्रश्न आला नावांचा. "लेखन" म्हणून कुणाचं नाव द्यायचं? वही धरणारी मी, म्हणून माझं? तेव्हा मला बहिणाबाई आठवल्या. आपल्या जळगावजवळच्या असोद्याच्या लेकी. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. जात्यावर, शेतात काम करता करता त्यांनी गाणी रचली. त्यांचे चिरंजीव सोपानदेव आणि एक नातलग यांनी ती कागदावर उतरवली. ३ डिसेंबर १९५१ ला बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईची गाणी' छापून आली. सोपानदेव स्वतः कवी होते. पण पुस्तकावर नाव आलं ते रचणाऱ्या आईचं, आणि बोलीही तिचीच राहिली. लिहून घेणाऱ्याचं काम मोठंच, त्याच्याशिवाय आपल्यापर्यंत काही आलंच नसतं. तरी रचणं वेगळं आणि उतरवणं वेगळं.

आम्ही नावं अशी लावली. कथा: गटातल्या नऊही जणी. संवाद: ज्यांनी उभं राहून म्हटले त्या. लेखणी: माझं नाव. अंगठा लावणाऱ्या मावशींचं नाव टीव्हीवर संवादात आलं, तेव्हा त्यांच्या नातवाने ते मोठ्याने वाचून दाखवलं.

कायद्याचंही थोडं माहीत असू द्या. नुसत्या कल्पनेवर हक्क सांगता येत नाही. कल्पना शब्दांत उतरली की त्या शब्दांवर हक्क येतो. दोघी-चौघींनी मिळून असं लिहिलं की कुणाचं काय हे वेगळं काढताच येत नाही, तर कायद्याच्या भाषेत त्या सगळ्या सहलेखिका. म्हणून बैठकीच्या वहीत तारीख, हजर असणाऱ्यांची नावं, कुणी काय सुचवलं, हे दोन ओळींत लिहून सगळ्यांच्या सह्या किंवा अंगठे घ्या. पैसे मिळाले तर वाटणी कशी, हेही आधीच लिहा. बचत गटाचा हिशेब आपण पै-पैचा ठेवतो, मग शब्दांचा का नको?

आणि कुणी म्हणेल, हे शिकलेल्यांचं काम, तर त्यांना अहमदाबादच्या सेवा संघटनेचं सांगा. १९८४ मध्ये तिथल्या बायांनी व्हिडिओचं काम शिकायला घेतलं. त्यांत भाजी विकणाऱ्या होत्या, आणि अनेकींना अक्षरओळख नव्हती. तरी त्यांनी कॅमेरा हातात घेतला आणि आपल्याच कामाच्या, आपल्याच प्रश्नांच्या फिल्म केल्या.

तर पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की अर्धा तास काढा. सगळ्यांना माहीत असलेली एक घटना घ्या: पूर, कापूस वेचणी, गावातलं लग्न. प्रत्येकीने एकच सांगायचं, तेव्हा तुझ्या हातात काय होतं? वही मिटलेली ठेवा. शेवटचा शब्द कुणाचा ते ठरवा. आणि उठण्याआधी प्रत्येकीला विचारा, तू सांगितलंस त्यातलं काय बाहेर जायला चालेल आणि काय इथेच राहू दे?

एवढं झालं की मग वही उघडा. तोवर डाळ बघा, खाली लागली नसेल ना? नमस्कार.