वायर नाही, तरी वाय-फाय

घरापर्यंत फायबर आलं नसेल, तर आधी ५जी एअरफायबरची चौकशी करा. जिओ आणि एअरटेल, दोघांनीही ही सेवा २०२३मध्ये सुरू केली. गच्चीवरचा रिसीव्हर टॉवरचा सिग्नल पकडतो, तिथून केबल घरातल्या राउटरला. पैसे भरण्याआधी त्याच कंपनीचं सिम घालून गच्चीवर स्पीड तपासा. तोही रात्री नऊच्या सुमारास, कारण टॉवर एकच आणि मोबाइल गावभर! स्थानिक केबलवाल्याची वायरलेस डिशही चालते, पण त्याचा मनोरा थेट दिसायला हवा. मध्ये आंबा वाढला की वेग घसरलाच. डोंगराआड उपग्रह उरतो. भूस्थिर उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटरवर, त्यामुळे व्हिडिओ कॉल अडखळतो; स्टारलिंकचे उपग्रह सुमारे ५५० किलोमीटरवरच, म्हणून तिथे अडखळणं कमी. आणि लाइट जात असेल, तर राउटरला छोटा यूपीएस जोडाच.