कोकणच्या खाड्या – लेखांक ६ : उथळ पाण्यातील नौकानयन आणि भरतीचे गणित

वाशिष्ठी नदी दाभोळ आणि अंजनवेल यांच्यामधून समुद्राला मिळते, आणि तेथून चिपळूणजवळच्या गोवळकोटपर्यंतचा जलमार्ग हा एकेकाळी घाटावरच्या व्यापाराचा एक प्रमुख मार्ग होता. बहमनी काळात भरभराटीला आलेल्या दाभोळ बंदरात उतरलेला माल लहान होड्यांतून आत जाई आणि चिपळूणहून बैलांच्या पाठीवरून कुंभार्ली घाटाने कऱ्हाडकडे चढे. २०१६च्या राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने याच सुमारे ४५ किलोमीटरच्या पट्ट्याला राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २८ असा दर्जा दिला. दर्जा मिळाल्याने पाणी मात्र खोल होत नाही, आणि म्हणूनच या खाडीतून नौका कशी न्यावी लागते हे समजून घेणे आवश्यक आहे.

नौकेचा जो भाग पाण्याखाली राहतो, त्याच्या खोलीला ‘डूब’ म्हणतात. एक मीटर डूब असलेल्या नौकेला एक मीटर पाणी पुरत नाही, कारण उथळ पाण्यात वेग वाढवला की नौकेच्या तळाखालून निसटणाऱ्या पाण्याचा दाब घटतो आणि नौका आणखी खाली बसते. त्यामुळे अशा ठिकाणी वेग कमी करणे हाच पहिला नियम ठरतो. खाडीच्या वळणावर प्रवाह बाहेरच्या काठाला घासत जातो व तेथे पात्र खोल राहते, तर आतल्या बाजूस प्रवाह मंदावून गाळ साचतो, म्हणून जाणता तांडेल सरळ रेषेने न जाता एका काठाकडून दुसऱ्या काठाकडे सरकत राहतो. मुखाशी तर नदीचा गाळ आणि लाटांनी लोटलेली वाळू यांचा दांडा तयार होतो, आणि तो पावसाळ्यागणिक जागा बदलत असल्याने गेल्या वर्षीची वाट यंदा तशीच असेल असे धरून चालता येत नाही.

परंतु या मार्गावर खरी सत्ता चालते ती भरतीची. कोकण किनाऱ्यावर दिवसातून दोनदा भरती येते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास पाणी सर्वाधिक चढते व सर्वाधिक उतरते, त्याला उधाण म्हणतात, आणि अष्टमीच्या सुमारास ही चढउतार सर्वांत कमी असते, त्याला भांग म्हणतात. किनाऱ्यावरील जुना आडाखा असा, की तिथीच्या अंकाला पाऊणने गुणले असता पूर्ण भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला ती तीनच्या सुमारास आणि अष्टमीला सहाच्या सुमारास येते, आणि त्यानंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी होते. चंद्राच्या गतीमुळे भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी मागे पडते, या वस्तुस्थितीचे हे अत्यंत सुबक सूत्र आहे. ते स्थूल आहे, हेही लक्षात ठेवले पाहिजे, कारण मुखाशी आलेली भरती खाडीच्या वरच्या टोकाला पोहोचण्यास आणखी वेळ लागतो.

चढत्या पाण्याबरोबर आत शिरावे, या रिवाजामागील कारण केवळ प्रवाहाची साथ एवढेच नाही. चढत्या भरतीत नौका गाळात रुतली तर थोड्याच वेळात तेच पाणी तिला उचलते. उतरत्या पाण्यात रुतली तर पुढच्या भरतीपर्यंत अडकते. आणि उधाणाच्या ऐन माथ्यावर रुतली तर पुढचे उधाण येईपर्यंत, म्हणजे कदाचित पंधरवडाभर, तितके पाणी तिच्याखाली येत नाही. मुखाजवळ आणखी एक धोका असतो: दुपारनंतर समुद्रावरून येणारा वारा आणि बाहेर पडणारी ओहोटी समोरासमोर आली की उथळ दांड्यावर आखूड, उभ्या लाटा उठतात, आणि लहान नौकेला त्या खोल समुद्रातील मोठ्या लाटेपेक्षा अधिक घातक ठरतात.

या सर्व प्रश्नांचा शास्त्रीय अभ्यास समुद्रापासून दूर असलेल्या पुण्यात होतो, ही पुणेकरांनी अभिमान बाळगावा अशी बाब आहे. १९१६ साली सुरू झालेल्या आणि आज खडकवासल्यास असलेल्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात बंदरांच्या प्रतिकृती बांधून त्यांत कृत्रिम भरती-ओहोटी निर्माण केली जाते आणि प्रवाह कसा वळेल, गाळ कोठे बसेल, याचा अंदाज घेतला जातो. अशा प्रतिकृतींत लांबी-रुंदीच्या मानाने खोली मुद्दाम अधिक ठेवतात, कारण एकाच प्रमाणात सर्व मापे लहान केली तर पाण्याचा थर इतका पातळ होईल की त्यातील प्रवाह खऱ्या प्रवाहासारखा वागणारच नाही.

वाशिष्ठीत पोफळीच्या वीजगृहातून बाहेर पडणारे कोयनेचे पाणी येत असल्याने उन्हाळ्यातही तिचा प्रवाह आटत नाही, तरीही गाळाचा प्रश्न सुटलेला नाही. २२ जुलै २०२१च्या महापुरानंतर चिपळूण परिसरात नदीतील गाळ काढण्याचे काम हाती घेण्यात आले, ते पुराच्या भीतीने. जलमार्ग टिकवण्यासाठी ते नियमितपणे, खोलीची मोजणी करून व्हावयास हवे, आणि तसे न झाल्यास राष्ट्रीय जलमार्ग हा दर्जा कागदावरच राहील.

तोवर दापोली-गुहागरकडे जाणाऱ्या वाचकांनी खाडीतील सफर ठरवताना आधी तिथी पाहावी आणि त्या दिवसाचे भरतीचे वेळापत्रक तपासावे, चढत्या पाण्याला निघणारी नौका निवडावी, जीवरक्षक जाकीट घातल्याशिवाय नौकेत पाय ठेवू नये, आणि तांडेल ‘आता पाणी नाही’ म्हणाला तर त्याच्याशी वाद घालू नये.